जुने गोल्फ आयर्न : दुरुस्त करायचे की बदलायचे? ग्राहकाला खरं उत्तर देणारा छोटा धंदा



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावतील. गोल्फ? आपला काय संबंध? आपल्याला तर मसाले, पापड, गॅरेज, शिवणकाम असे धंदे बघायची सवय. पण जरा थांबा. ज्या खेळात एका सेटसाठी लोक हजारो, कधी लाखभर रुपये मोजतात, त्या खेळात दुरुस्तीचं कामही कुणाला तरी करावं लागतं. ते "कुणीतरी" आपल्यातलाच एखादा का असू नये?

पुण्यात गोल्फ नवा नाही. येरवड्यात पूना क्लबचं अठरा होलचं मैदान आहे. तिथल्या चौकाचं नावच गोल्फ क्लब चौक पडलंय, रोज हजारो लोक तिथून जातात. कॅम्पच्या बाजूला लष्कराचं मैदान आहे. बावधन-लवळेच्या डोंगरउतारावर ऑक्सफर्डचं मैदान आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळलेला उदयन माने आपल्या पुण्याचाच. म्हणजे खेळ आहे, खेळाडू आहेत, आणि त्यांच्या बॅगेत झिजणारं, गंजणारं, वाकणारं सामानही आहे.

या धंद्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे. ग्राहक जुना सेट घेऊन येतो आणि विचारतो, "भाऊ, हे नीट होईल का, की नवीनच घेऊ?" या प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं, तर धंदा टिकेल. नाही देता आलं, तर पहिल्याच वर्षी क्लबभर बोभाटा होईल. कारण हे गिऱ्हाईक मोजकं आहे आणि रोज एकमेकांना भेटतं.

तुम्ही गोल्फच्या धंद्यात उतरा किंवा उतरू नका, हा लेख शेवटपर्यंत वाचा. "दुरुस्त की नवीन" हा प्रश्न शिलाई मशीनला, पिठाच्या गिरणीला, डिलिव्हरीच्या टेम्पोलाही तसाच लागू पडतो.

कल्हईवाल्याचं गणित

आपल्या आज्या-पणज्यांना हा निर्णय बरोबर जमायचा. पितळेचं पातेलं आतून उघडं पडलं की कल्हईवाल्याकडे जायचं. तो भट्टीवर पातेलं तापवायचा, नवसागर टाकून घासायचा, कथलाचा हात फिरवायचा, आणि भांडं पुन्हा चकचकीत. पण तेच पातेलं बुडाला भोक पडून आलं, तर? डाग देता येतो का ते बघायचं, नाहीतर सरळ मोडीत घालायचं. कल्हई ही वरच्या थराची दुरुस्ती. बूड गेलं तर कल्हईने काही होत नाही.

गोल्फच्या आयर्नचं अगदी असंच आहे. कुठला भाग "कल्हई" आहे आणि कुठला "बूड", एवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

आधी सामान ओळखा

गोल्फमध्ये खेळाडूला एका वेळी जास्तीत जास्त १४ क्लब बॅगेत ठेवता येतात. त्यात लांब फटक्यांचे वेगळे, हिरवळीवर चेंडू हळूच ढकलायचा पटर वेगळा. मधल्या अंतरासाठी लोखंडी डोक्याचे जे क्लब असतात, ते आयर्न. त्यांना नंबर असतात. नंबर लहान तितकं अंतर जास्त. साधारण सेट म्हणजे ४ नंबरपासून ९ नंबरपर्यंत आणि एक पिचिंग वेज, असे सात क्लब धरा.

प्रत्येक आयर्नचे तीन मुख्य भाग.

ग्रिप : हातात धरायचं रबरी आवरण. आत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असते.

शाफ्ट : मधली दांडी. पोलादी किंवा ग्रॅफाइटची.

डोकं : चेंडूला लागणारा धातूचा भाग. समोरच्या चेहऱ्यावर आडव्या खाचा असतात. शाफ्ट ज्या नळीत बसते तिला होझल म्हणतात. तिथे शाफ्ट इपॉक्सीने चिकटवलेली असते.

ग्रिप म्हणजे कल्हई. डोकं म्हणजे बूड. शाफ्ट या दोघांच्या मधे, आणि खरं डोकं तिथेच चालवावं लागतं.

तपासणी : खालच्या खर्चाकडून वरच्या खर्चाकडे

ग्राहकाने सेट टेबलावर ठेवला की लगेच किंमत सांगायची नाही. आधी तपासणी. आणि तपासणी कायम स्वस्त भागाकडून महाग भागाकडे करायची, कारण पुष्कळदा तक्रार मोठी वाटते आणि दोष छोटा निघतो.

पहिली पायरी, ग्रिप. अंगठा दाबून फिरवा. रबर कडक झालंय, चकाकतंय, घसरतंय? मग खेळाडू नकळत मूठ जास्त आवळतो, मनगट ताठ होतं आणि फटका बिघडतो. ग्राहक म्हणतो, "सेट म्हातारा झाला." खरं तर फक्त ग्रिप म्हातारी झालेली असते. पुण्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेली बॅग आणि नंतर चार महिन्यांचा पावसाळा, या दोन्हींत रबराची वाट लागते.

दुसरी पायरी, शाफ्ट. सपाट टेबलावर लोळवून बघा. वाकली असेल तर डगमगेल. पोलादी शाफ्टवर वरवरचा गंज असेल तर तो बारीक स्टील वूलने निघतो. पण नखाला खड्डे लागत असतील, तर गंज आत शिरलाय. क्लब हलवल्यावर आत खुळखुळ आवाज आला, तर सुटलेल्या इपॉक्सीचा तुकडा किंवा गंजाचा चुरा असू शकतो. ग्रॅफाइट असेल तर डोक्याजवळच्या भागात केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघा. चिरलेली ग्रॅफाइट शाफ्ट खेळताना तुटली तर डोकं उडून कुणालाही लागू शकतं. तिथे "चालेल अजून थोडे दिवस" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

तिसरी पायरी, चुंबक. हो, साधा चुंबक खिशात ठेवा. फोर्ज केलेलं कार्बन स्टील आणि ओतीव आयर्नमध्ये नेहमी वापरलं जाणारं स्टेनलेस, या दोन्हींना चुंबक चिकटतो. अजिबात चिकटला नाही, तर डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असण्याची दाट शक्यता आहे. स्वस्तातल्या स्टार्टर सेटमध्ये अशी डोकी येतात. ती ठिसूळ असतात, वाकवायला गेलात तर मोडतात. अशा सेटवर ग्रिपपलीकडे एक रुपयाही खर्च करायला सांगू नका.

चौथी पायरी, कोन. प्रत्येक आयर्नचे दोन कोन असतात. लॉफ्ट म्हणजे चेहरा किती मागे झुकलाय तो कोन. यावर चेंडूची उंची आणि अंतर ठरतं. लाय म्हणजे दांडी जमिनीशी किती उभी आहे तो कोन. यावर दिशा ठरते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा लाय गरजेपेक्षा उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो, आडवा असेल तर उजवीकडे. सरावाच्या कडक मॅटवर हजारो फटके मारून फोर्ज केलेल्या मऊ आयर्नचे कोन हळूहळू सरकतात. एका नंबरपासून दुसऱ्या नंबरपर्यंत लॉफ्टमध्ये साधारण ४ अंशांचा फरक असायला हवा. ग्राहक म्हणाला, "माझा ७ नंबर आणि ८ नंबर सारखाच जातो," तर बहुतेक वेळा कोन मोजण्याची गरज आहे, नवीन सेटची नाही.

फोर्ज केलेलं आयर्न मशीनमध्ये धरून एखाद-दोन अंश सहज वाकवता येतं. कडक ओतीव स्टेनलेसचं तसं नाही, तिथे एका अंशालाही जपून, आणि काही डोक्यांना हातच लावायचा नाही.

पाचवी पायरी, खाचा. चेहऱ्यावरच्या खाचा चेंडू आणि क्लबच्या मधलं गवत-पाणी बाजूला सारतात आणि चेंडूला फिरकी देतात. माती बसली असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून नरम ब्रशने घासा. कितीतरी "झिजलेले" आयर्न एवढ्यानेच जिवंत होतात. खरंच झिजलेल्या खाचा कोरून देणारी अवजारं मिळतात, पण इथे सावध राहा. १ जानेवारी २०१० पासून खाचांच्या आकाराचे आणि धारेचे नियम कडक झाले आहेत. हाताने कोरलेली खाच नियमाबाहेर गेली, तर तो क्लब स्पर्धेत चालणार नाही. ग्राहक स्पर्धा खेळत असेल तर ही गोष्ट आधी सांगायची, नंतर नाही.

आता पैशाचं गणित

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुम्ही तुमच्या पुरवठादाराकडून आजचे दर घ्या आणि हेच कोष्टक वहीत भरा. पद्धत महत्त्वाची.

समजा, नवीन सेट ७५,००० रुपयांना आहे. चांगल्या अवस्थेतला वापरलेला सेट ३०,००० ला मिळतो. ग्राहकाचा जुना सेट धडधाकट असेल तर बाजारात १२,००० ला जाईल.

प्रकरण पहिलं : फक्त ग्रिप गेल्यात, कोन तपासायचेत.
ग्रिप ६०० आणि मजुरी १५०, म्हणजे एका क्लबला ७५०. सात क्लबचे ५,२५०. कोन तपासून नीट करायचे प्रत्येकी १५० धरले तर १,०५०. एकूण ६,३००.
बदलायचं ठरवलं तर? ग्रिप गेलेला सेट १०,००० ला विकला, तरी वापरलेल्या सेटसाठी खिशातून २०,००० जाणार. आणि त्या सेटच्याही ग्रिप जुन्या निघाल्या तर पुन्हा ५,२५०. इथे उत्तर स्पष्ट आहे. दुरुस्त करा.

प्रकरण दुसरं : सगळ्या शाफ्ट आतून गंजल्यात.
शाफ्ट २,५००, ग्रिप ६००, मजुरी ५००. एका क्लबला ३,६००. सात क्लबचे २५,२००.
बदलायचं ठरवलं तर? गंजलेला सेट ६,००० ला गेला, म्हणजे वापरलेल्या सेटसाठी खिशातून २४,०००.
खर्च जवळजवळ सारखा. मग काय करायचं? इथे दुसरा प्रश्न विचारायचा : खर्च झाल्यावर हातात काय उरलं? दुरुस्तीनंतर ग्राहकाच्या हातात १२,००० ची वस्तू आहे. बदलल्यावर त्याच्या हातात ३०,००० ची वस्तू आहे. खर्च तेवढाच, पण उरलेली किंमत अडीचपट. इथे सहसा बदला.

आणि एकच शाफ्ट वाकली असेल तर? ३,६०० रुपयांत सेट पूर्ववत होतो. सात शाफ्टचं उत्तर एका शाफ्टला लावू नका.

प्रकरण तिसरं : चकाकी गेलीय, "पुन्हा क्रोम करून द्या."
नम्रपणे नाही म्हणायला शिका. जुनं क्रोम उतरवून पुन्हा चढवताना डोक्याचं वजन बदलतं, खाचांच्या धारा बोथट होऊ शकतात, आणि दिसण्यापलीकडे खेळात काहीच सुधारत नाही. शिवाय क्रोम प्लेटिंगमध्ये विषारी रसायनं असतात. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. गॅलरीत बादली ठेवून करायचं हे काम नव्हे. ग्राहकाचा फारच आग्रह असेल तर परवाना असलेल्या प्लेटिंगवाल्याचा पत्ता द्या आणि तोटे आधी समजावून सांगा.

तर लक्षात ठेवायचे दोन प्रश्न : खिशातून किती जाणार? आणि शेवटी हातात काय उरणार? टेम्पोचं इंजिन उघडताना, गिरणीची मोटर बांधून घेताना हेच दोन प्रश्न स्वतःला विचारा.

पैशाच्या पलीकडचा प्रश्न : खेळणारा कोण आहे?

सेट कितीही चांगला असो, तो खेळणाऱ्याच्या मापाचा नसेल तर दुरुस्ती वाया.

चौदा वर्षांचा मुलगा आहे. वर्षभरात उंची वाढणार. त्याच्या पालकांना महाग शाफ्ट बसवून देऊ नका. वापरलेला सेट, नवीन ग्रिप, बस्स.

साठी ओलांडलेले काका आहेत. फटक्याचा वेग कमी झालाय, जुन्या कडक पोलादी शाफ्टने खांदा दुखतो. डोकी उत्तम असली तरी त्यांना हलकी, लवचीक शाफ्ट हवी. इथे दुसऱ्या प्रकरणातलं गणित विरुद्ध असलं तरी शाफ्ट बदलणं योग्य ठरू शकतं, विशेषतः त्यांना त्या डोक्यांची वर्षानुवर्षांची सवय असेल तर.

नवशिका आहे आणि कुणीतरी त्याला जुने पातळ ब्लेड आयर्न दिलेत. ते दिसायला सुंदर, पण चेंडू जरा बाजूला लागला की माफी नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेले इंजिनिअर कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंग ही कंपनी काढली आणि डोक्याचं वजन मधून काढून कडेला नेण्याची कल्पना लोकप्रिय केली. त्यांचं १९८२ सालचं आय टू हे आयर्न आजही लोक शोधून खेळतात. म्हणजे "जुनं" आणि "कालबाह्य" हे एकच शब्द नाहीत. नवशिक्याच्या हातात १९८० च्या दशकातलं कडेला वजन असलेलं आयर्न हे कालच्या ब्लेडपेक्षा जास्त उपयोगाचं असू शकतं.

आणखी एक गोष्ट. ग्राहक सांगेल, "मित्राचा नवीन ७ नंबर माझ्यापेक्षा वीस यार्ड लांब जातो." त्याला दोन्ही क्लबचे लॉफ्ट मोजून दाखवा. जुन्या काळी ७ नंबरचा लॉफ्ट साधारण ३६ अंशांच्या आसपास असायचा, आज कित्येक सेटमध्ये तो ३० च्या जवळ आलाय. म्हणजे मित्राचा ७ नंबर हा लॉफ्टच्या दृष्टीने याचा जवळपास ६ नंबर किंवा त्याहून पुढचा आहे. नवीन सेटमध्ये सुधारणा नसतात असं नाही, पण त्या वीस यार्डांतला मोठा वाटा आकड्याच्या शिक्क्याचा असतो. हे समजल्यावर काही ग्राहक खरेदी रद्द करतील. करू द्या. तेच पुढच्या महिन्यात चार मित्रांना घेऊन येतील.

वडिलांचा सेट

पुण्यात निवृत्त लष्करी अधिकारी पुष्कळ. कधीतरी एखादी व्यक्ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा सेट घेऊन येईल आणि म्हणेल, "बाबांचा आहे, खेळता येईल असा करून द्या."

इथे तुमची खरी परीक्षा आहे. हा माणूस किंमत विचारणार नाही, म्हणून वाटेल ती किंमत लावता येईल. लावू नका. आणि हातोडा-हीट गन उचलायच्या आधी विचारा, "खेळायचाय, की जपायचाय?" जपायचा असेल तर स्वच्छ धुवा, गंज थांबवा, तेलाचा पुसट हात फिरवा, मूळ ग्रिप तशीच ठेवा. झिजलेल्या तळाच्या खुणासुद्धा घासून काढू नका, त्या खुणांसाठीच तो सेट त्याला हवा असतो. खेळायचा असेल तर नवीन ग्रिप लावा, पण काढलेली जुनी ग्रिप पिशवीत घालून परत द्या. फार जुन्या आयर्नमध्ये होझलमधून आरपार पिन असते. ती न काढता शाफ्ट ओढली तर डोकं खराब होतं. ते पुन्हा विकत मिळत नाही. खात्री नसेल तर "हे काम माझ्या हाताबाहेरचं आहे" असं सांगणं हीसुद्धा सेवाच आहे.

धंदा सुरू करायचा तर कुठून?

ग्रिपपासून. फक्त ग्रिपपासून.

लागणारं सामान साधं आहे : भक्कम व्हाइस, शाफ्टला ओरखडा न पडू देणारा रबरी क्लॅम्प, आकडीच्या पात्याची सुरी, दुहेरी टेप, सॉल्व्हंट, खाली धरायला ट्रे. बोहरी आळीत एक फेरी मारलीत तर ग्रिप आणि टेप सोडून बहुतेक वस्तू मिळतील. सुरी नेहमी शरीरापासून लांब चालवायची. आणि ग्रॅफाइट शाफ्टवर पात्याचा दाब द्यायचा नाही, दांडीला चीर पडली तर नुकसान तुमच्या खिशातून.

पद्धत : जुनी ग्रिप कापा, जुनी टेप पूर्ण काढा, नवीन टेप लावा, सॉल्व्हंट ग्रिपच्या आत आणि टेपवर फिरवा, एका दमात ग्रिप सरकवा, खुणा सरळ करा, आणि वाळू द्या. घाई करून ओली ग्रिप खेळायला देऊ नका. शाफ्टचं काम केलंत तर इपॉक्सी पूर्ण सुकायला साधारण एक दिवस द्या. सॉल्व्हंट ज्वलनशील असतं, म्हणून खिडकी उघडी, गॅस-अगरबत्ती लांब, आणि उरलेलं द्रव गटारात ओतायचं नाही.

आता परतफेडीचा हिशेब. पुन्हा, आकडे उदाहरणाचे.

ग्रिप ४५० ला घेतली, ६०० ला दिली. सुटले १५०. मजुरी १५०. त्यातून टेप-सॉल्व्हंटचे २० वजा. एका क्लबमागे २८०, सात क्लबमागे १,९६०. सुरुवातीच्या सामानाला १५,००० लागले, तर आठ सेटमध्ये पैसे वसूल.

मोह इथे होतो : "मग कोन वाकवायचं मशीनही घेऊन टाकू." ते समजा ८०,००० चं आहे. एका सेटमागे तुम्हाला १,०५० मिळतात. म्हणजे ७७ सेट झाल्यावर मशीनचे पैसे निघणार. वर्षाला तुमच्याकडे वीस सेट येत असतील तर जवळजवळ चार वर्षं! तोपर्यंत हे काम दुसऱ्याकडून करून घ्या, थोडं कमिशन ठेवा, आणि वहीत नोंद करत राहा. वही म्हणेल तेव्हा मशीन घ्या, मन म्हणेल तेव्हा नाही.

तसंच स्टॉकचं. पस्तीस ग्रिप भरून ठेवल्या तर ४५० च्या हिशेबाने १५,७५० रुपये कपाटात झोपले. दोन प्रकार, दोन मापं, एवढंच ठेवा. बाकी ऑर्डर आली की मागवा.

कागदपत्रं आणि नियम

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणालाही पैसे देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन माहिती कळवायची असते.

जीएसटीत एक गोष्ट नीट समजून घ्या. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण तुम्ही दुरुस्तीची सेवाही देता, त्यामुळे २० लाखांची मर्यादा धरून चाला. पुढे वापरलेले सेट घेऊन विकायला लागलात आणि नोंदणी झाली, तर सेकंडहँड मालासाठी मार्जिनवर कर भरायची सोय आहे. म्हणजे विक्री आणि खरेदीच्या फरकावर कर, पण त्या खरेदीवरचं इनपुट क्रेडिट घ्यायचं नाही. सीएकडे एकदा बसून हे लिहून घ्या.

"परदेशातून जुने सेट पोत्याने मागवू" ही कल्पना डोक्यात आली असेल तर थांबा. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगी लागते. शिवाय या बाजारात नकली माल पुष्कळ आहे. पुण्यातल्याच खेळाडूंकडून, हातात घेऊन, चुंबक लावून, होझलवरचा अनुक्रमांक बघून खरेदी करा.

जॉब कार्डाशिवाय क्लब हातात घ्यायचा नाही

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवासुद्धा येते. पण कायदा बाजूला ठेवा, भांडण टाळण्यासाठीच कार्ड हवं. त्यात एवढं लिहा :

१. क्लब किती, कुठले नंबर, समोरून-मागून फोटो.
२. आधीच असलेले दोष : ओरखडे, गंज, वाकलेली शाफ्ट.
३. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत.
४. तुमचा सल्ला : दुरुस्त की बदला, आणि एका ओळीत कारण.
५. अंदाजे खर्च, ॲडव्हान्स, देण्याची तारीख.
६. जुने भाग परत हवेत का? हो किंवा नाही.
७. सही.

यातला चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "बदला" असा सल्ला लेखी देणारा दुरुस्तीवाला लोकांनी सहसा पाहिलेला नसतो. म्हणूनच तो लक्षात राहतो.

हा धंदा कुणासाठी?

ज्याने हा खेळ जवळून पाहिलाय त्याच्यासाठी. मैदानावर कॅडी म्हणून बॅग वाहणाऱ्या मुलांना क्लबची जी जाण असते, ती दुकानातल्या सेल्समनला नसते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीत कॅडीचं काम करूनच वर आला होता. प्रत्येक कॅडी विजेता होणार नाही. पण कुठल्या खेळाडूची ग्रिप घसरते, कुणाचा ७ आणि ८ नंबर सारखा जातो, हे त्याला रोज दिसतं. ही माहिती म्हणजे भांडवल आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी तरुण असेल, तर हा लेख त्याला पाठवा. आठ सेटमध्ये वसूल होणारं सामान आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

या आठवड्याचं काम

गोल्फ नसेल तर नसू दे. तुमच्या स्वतःच्या धंद्यातली एक जुनी वस्तू निवडा : मशीन, गाडी, फ्रीज, काहीही. कागदावर दोन रकाने आखा, "दुरुस्ती" आणि "बदल". प्रत्येकाखाली लिहा : खिशातून किती जाणार, शेवटी हातात काय उरणार, किती वर्षं चालेल, आणि ती वस्तू माझ्या आजच्या कामाच्या मापाची आहे का. दोष कल्हईचा आहे की बुडाचा, हेही लिहा.

कागद भरून झाल्यावर एक रात्र जाऊ द्या, आणि सकाळी निर्णय घ्या. आणि निर्णय झाला की तारीख टाकून तो कागद फाइलला लावा. वर्षभराने काढून बघा, पुढचा निर्णय तुम्हाला कुणाला विचारावा लागणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा!